शेवगा, इन्स्पेक्टर आणि बलदियाचं बजेट

रवि. ५ ऑक्टो.
आठवड्याची सुरुवात जॉर्जच्या केबिनमध्ये. आमच्या कन्सल्टिंग फर्मचा पार्टनर, माणूस कोट्टायमचा, बहरीनमध्ये माझ्याहूनही जुना. नवीन काम दिलं. एका बलदियाला पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी सांगायचंय की इन्स्पेक्टर किती लागतील. (नगरपालिकेला इथे सगळेच बलदिया म्हणतात, मीही आता तेच म्हणतो.) हे इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत. फुटपाथवर रेती ओतली, परवाना नसताना गाडी लावून कलिंगडं विकली, की येऊन गेटला नोटीस चिकटवणारे. पगार वाढले, पैसा तेवढाच. कपात कुठे करायची ते बाहेरच्या माणसाने सांगितलेलं बरं, म्हणून आम्ही.
जॉर्ज म्हणाला, हे तुलाच देतो, तू थरो आहेस. ऑफिसात हळू काम करणाऱ्याला थरो म्हणतात.

मंगळ. ७ ऑक्टो.
घरी आलो तर गेटवर गुलाबी कागद. सगळा अरबीत. खाली शिक्का. मला वाटलं पाण्याचं बिल.
मुलीने, ईशाने, वाचून दाखवलं. शाळेत सक्तीचं अरबी आहे त्याचा पहिला उपयोग. कुंपणाबाहेर बलदियाच्या जागेत झाड लावलं आहे, रस्त्याच्या दिव्याला आड येतं, दोन आठवड्यांत काढा.
झाड म्हणजे बायकोचा, मंजिरीचा शेवगा. आम्ही झिंजचा फ्लॅट सोडून सनदला हे भाड्याचं घर घेतलं त्या वर्षी तिने भाजीवाल्याकडून फांदी आणून भिंतीबाहेर खोचली. आत सगळं काँक्रीट, माती बाहेरच. मी म्हटलं होतं, जगणार नाही. आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. इथल्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी घरं आमच्या शेंगा खातात. फोनवर बायका तिचं आडनाव विसरतात, शेवगेवाल्या काकू म्हणतात.
मं. कागद बघून एवढंच म्हणाली, "शिक्का छान मारलाय." आणि आमटी ढवळायला गेली. हे चांगलं लक्षण नाही.

बुध. ८ ऑक्टो.
बलदियाने पाठवलेली फाइल उघडली. प्रत्येक इन्स्पेक्टर, त्याचा भाग, वर्षभरातल्या नोटिसा. आमचा भाग दोघांत अर्धा-अर्धा वाटलेला आहे, आणि तिथेच एक कमी करता येईल अशी वरून सूचना. दोघांतला एक खंडीने नोटिसा काढतो. दुसरा जवळजवळ काढतच नाही. चालू महिन्यात त्याची एकच नोटीस.
पत्ता वाचला. दोनदा वाचला. आमचाच.
जॉर्जला सांगावं का? सांगायला हवं. लंचनंतर सांगू असं ठरवलं. लंचनंतर त्याची मीटिंग होती.

शुक्र. १० ऑक्टो.
सुट्टी. मं.ला सांगितलं की ज्याने नोटीस लावली त्याचीच जागा राहणार की जाणार हे मी लिहायचंय.
तिने लसूण सोलायचा थांबवला. मग विचारलं, नोकरी जाईल त्याची? म्हटलं, नोकरी नाही, तो सरकारी माणूस, कुठेतरी हलवतील. किंवा लवकर रिटायर करतील.
"म्हणजे जाईलच की."
ईशा हेडफोन काढून म्हणाली, "बाबा, दॅट्स अ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट." मी म्हटलं, मला माहीत आहे. "देन व्हाय आर यू टेलिंग आई?"
मी आणखी भात घेतला.

सोम. १३ ऑक्टो.
आज फील्ड. एका इन्स्पेक्टरबरोबर दिवस काढून तो काय करतो ते बघायचं. कोणाबरोबर ते बलदियाच ठरवणार. पांढरी पिकअप आली. आत अबू जासिम. पन्नाशी उलटलेला, पोट स्टीअरिंगला टेकलेलं, अंगात पायघोळ पांढरी ठोब, कडक इस्त्रीची. हिंदी बोलतो, लहानपणी बापाच्या दुकानात शिकला म्हणे. मी बसताक्षणी म्हणाला, "तुम शेवगा का घर."
शेवगा हा शब्द त्याला कुठून? नोटीस लावायला आला तेव्हा मं.ने चहा दिला होता आणि झाडाचं नाव तीन वेळा म्हणून घेतलं होतं. हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं.
दिवस असा गेला. एका गल्लीत दोन शेजारी, एकाच्या एसीचं पाणी दुसऱ्याच्या दारात. दोघांकडे कॉफी. पाइपचा तुकडा अबू जासिमच्याच पिकअपमधून निघाला. नोटीस नाही. पुढे एका बांधकामाबाहेर विटांचा ढीग. मुकादमाला फोन, आवाज चढवला, मग त्याच्या आईची तब्येत विचारली. विटा दुपारपर्यंत आत. नोटीस नाही. मग एका झाडाखाली पिकअप लावून जेवल्यावर चांगला तासभर झोपला. मीही झोपलो असेन थोडा.
नोटीस का काढत नाही विचारलं. म्हणाला, "लिखना पड़ता है." आता टॅबलेट दिलाय, त्यावर बोट लावलं की भलतंच उघडतं. मुलगा समजावतो, पण ओरडतो.
मग आमचीच कशी काढली? त्यावर तो खजील झाला. बलदियाच्या ॲपवर तक्रार आली की नोटीस काढल्याशिवाय ती बंदच होत नाही. "तुम्हारा घर से ही आया," म्हणाला.

सोम. १३, पुढे.
ईशाला विचारलं. तिने मागच्या महिन्यात ॲपवर तक्रार टाकली होती की घरासमोरचा दिवा लागत नाही. ट्यूशनहून येताना अंधार असतो म्हणून. सोबत फोटो. फोटोत दिवा दिसतच नाही, नुसता शेवगा.
"आय ओन्ली रिपोर्टेड द लाइट," ती म्हणाली. रडकुंडीला आली होती.
मं.ने तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, मुलीने अंधार असतो म्हणून सांगितलं, ते बापाला सांगावंसं वाटलं नाही, बलदियाला सांगितलं. हा मुद्दा माझ्या रिपोर्टच्या कक्षेत येत नाही.

बुध. १५ ऑक्टो.
आकडे मांडून बघतोय. नोटिसांवर मोजलं तर अबू जासिम पहिला जातो. त्याबद्दल वादच नाही, शाळकरी पोरगंही हेच सांगेल. पण त्याच्या भागातल्या तक्रारी दुसऱ्यांदा येत नाहीत. खंडीने नोटिसा काढणाऱ्याच्या भागात तीच घरं, त्याच तक्रारी, पुन्हा पुन्हा. म्हणजे त्याला ठेवा असं लिहायला आधार आहे.
आणि लिहिलं तर लोक म्हणतील, शेवगा वाचवला.
काढा लिहिलं तर म्हणतील, सूड घेतला.
दोन्ही परिच्छेद लिहून ठेवले. दोन्ही मला पटतात. हे वाईट.

रवि. १९ ऑक्टो.
घरात फराळ. चकल्या मोडल्या नाहीत यंदा, मं. खूश. एक डबा वेगळा भरला. कोणाला? अबू जासिमला. मी नेणार नाही म्हणून सांगितलं. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला चकली देणं म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही देऊ नका." डबा फ्रीजवर गेला.

बुध. २२ ऑक्टो.
पाडवा. सुट्टी घेतली होती, ओवाळून झालं, दुपारी आडवा होणार तर बेल. अबू जासिम. मुदत संपली म्हणून बघायला आलाय. ठोब कडक, हातात टॅबलेट, टॅबलेटची बॅटरी गेलेली.
मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. भेटणं बरोबर नाही. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मं.चं हिंदी चिपळूणचं, त्याचं मुहर्रकचं, पण दोघांना एकमेकांचं समजत होतं. आधी चकली. मग आणखी चकली. मग त्याने विचारलं, याचा पाला शुगरला चांगला का, बायकोला आहे. मं.ने भाजीची कृती सांगितली, खोबरं किती ते हाताने दाखवलं असावं. मग झाडाकडे वळले.
तो म्हणाला झाड तोडायचं त्याच्याही मनात नाही. पण दिवा दिसला पाहिजे, नाहीतर ॲप त्याला रोज लाल खूण दाखवतं. मं. म्हणाली, फांद्या उतरवू. शिडी कोणाकडे?
शिडी पिकअपमध्ये होती.
खिडकीतून बघितलं. कायद्याचा माणूस शिडी धरून उभा आणि मं. पदर खोचून वर, कोयता हातात. शेवग्याच्या फांद्या कशा मोडतात ते मला माहीत आहे, मागच्या उन्हाळ्यात एक शेजाऱ्याच्या गाडीवर पडली होती. शेवटी राहवलं नाही. बाहेर जाऊन शिडीची दुसरी बाजू धरली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा दिली. फांद्या आमच्या दोघांच्या डोक्यावर.

बुध. २२, पुढे.
अंधार पडल्यावर आम्ही घरातले तिघं बाहेर जाऊन उभे राहिलो. दिव्याचा खांब स्वच्छ मोकळा. सगळी गल्ली उजळली, आमचा तेवढा बंद. म्हणजे दिवाच गेलेला आहे. झाडाचा काही संबंध नव्हता.
ईशाची तक्रार पहिल्यापासून बरोबर होती.

रवि. २६ ऑक्टो.
जॉर्जला सगळं सांगितलं. नोटीस, चकली, शिडी. तो बराच वेळ खुर्चीत हलत होता. मग म्हणाला हे आधी सांगायला हवं होतंस. बरोबर आहे. आता काम दुसऱ्याला द्यायला वेळ नाही, तेव्हा रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिही, मीटिंगमध्ये उभं राहून सांग, आणि तुमच्या भागाचा निष्कर्ष मी स्वतः तपासतो, तू त्याला हात लावू नकोस.
मी निघालो तर हाक मारली. झाड आहे अजून? आहे. आमच्याकडे सांबारात लागतं, म्हणाला, इथल्या दुकानात मिळतं ते जून असतं.
म्हटलं, सर, आता तुमच्याबद्दलही पहिल्या पानावर लिहावं लागेल.
तो हसला नाही. म्हणाला, खरंच, रिपोर्ट जाईपर्यंत शेंगा नकोत.

गुरु. ३० ऑक्टो.
मं.ला विचारलं, तुझं काय मत, अबू जासिमला ठेवावं की काढावं. रागावली. "झाड माझं आहे, रिपोर्ट तुमचा आहे. झाडाचं मी बघते. तुम्ही त्याचं खरं काय ते लिहा, आणि मला मध्ये घेऊ नका."
रात्री ते दोन परिच्छेद जॉर्जला पाठवले, दोन्ही. खाली लिहिलं की मला पहिला, ठेवा म्हणणारा, जास्त बरोबर वाटतो, पण माझ्या वाटण्याला या ठिकाणी किंमत नाही.
पाठवल्यावर बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

मंगळ. ४ नोव्हें.
जॉर्जचा निर्णय: ठेवा. जागा ठेवा, नोटिसांवर मोजू नका, पुन्हा येणाऱ्या तक्रारींवर मोजा. माझ्या पहिल्या परिच्छेदातला एक शब्दही बदलला नाही, फक्त स्वल्पविराम काढलेत.

रवि. ९ नोव्हें.
बलदियाची मीटिंग. लांब टेबल, मेंबर लोक, भरपूर खजूर. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ज्या भागाची चर्चा आहे तिथे मी राहतो, आणि माझ्या घराला या खात्याची नोटीस आहे. दुभाषी पोराने अरबीत सांगितलं. एका म्हाताऱ्या मेंबरने विचारलं, कशाबद्दल? झाडाबद्दल. कोणतं झाड?
नाव सांगितलं, समजेना. हाताने शेंगेची लांबी दाखवली. दुसरा मेंबर म्हणाला त्याच्या काकाकडे आहे, दुधाला चांगलं. तिसरा म्हणाला नाही, त्याची मुळं पाइप फोडतात, त्याच्या मेहुण्याचं झालंय. मग सगळे झाडावर. इन्स्पेक्टरांची स्लाइड मागे तशीच उघडी. जॉर्ज माझ्याकडे बघत नव्हता.
कोणीतरी घड्याळ बघितलं. रिपोर्ट घाईने वाचला गेला. निष्कर्ष: मान्य. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला खरं वाटेना.
पार्किंगमध्ये जॉर्जने पाठीवर थाप मारली. येताना मुद्दाम मीना सलमान बंदराच्या लांबच्या रस्त्याने आलो, गर्दीतून, चहा घेत.

गुरु. १३ नोव्हें.
मीटिंगचा वृत्तांत आला. दोनदा वाचला, मग जॉर्जला वाचायला दिला. आमच्या भागासाठी दोन जागा मंजूर. कपात नाही. खाली एक ओळ: दुसऱ्या जागेच्या पगाराची तरतूद पुढील आढाव्यापर्यंत स्थगित.
म्हणजे जागा राहिली. माणूस गेला.
जॉर्ज म्हणाला, आपली शिफारस शंभर टक्के मान्य झाली, पुढच्या प्रपोजलमध्ये असं लिहू. मी म्हटलं, सर, तिथे बसायला माणूस नाही. तो म्हणाला, तेवढं आपल्याला विचारलं नव्हतं. मग दोन कप चहा सांगितला.
अबू जासिमला कुठे हलवलं ते शेवटी होतं. तक्रारींच्या ॲपवर. ऑफिसात, टेबलावर, दिवसभर टॅबलेट.

शुक्र. १४ नोव्हें.
मं.ला सांगितलं. मला वाटलं आनंद होईल, आता नोटीस बजावायला आमच्या अर्ध्या भागात कोणी येणार नाही, झाड सुटलं.
"आणि एसीच्या पाण्याचं कोण बघणार?" म्हणाली. मग म्हणाली, त्याला लिहायचा कंटाळा आहे हे तुम्ही रिपोर्टात लिहिलं होतं का? लिहिलं होतं. एका वाक्यात, तळटीपेत. टॅबलेटचं प्रशिक्षण हवं असं.
"मग त्यांनी ते वाचलं," म्हणाली.
सगळ्या रिपोर्टातलं तेवढंच वाक्य कोणीतरी नीट वाचलं असणार.

मंगळ. १८ नोव्हें.
अबू जासिमला फोन केला. काम संपलंय, आता करायला हरकत नाही असं स्वतःला समजावलं. मला वाटलं चिडला असेल. चिडला नव्हता. ऑफिसात एसी चांगला आहे म्हणाला. पण दुपारी झोपता येत नाही, आणि कॉफी मशीनची. गल्लीतले लोक अजून त्यालाच फोन करतात. तो काय करतो? ऑफिस सुटलं की जातो. पिकअप काढून घेतली, मुलाच्या गाडीतून.
"पाइप किधर रखूँ," म्हणाला, "छोटा गाड़ी है."
मी म्हटलं, मी लिहिलं होतं तुम्हाला ठेवा म्हणून. तो म्हणाला, मालूम है. "तुम अच्छा लिखा होगा," म्हणाला. "वो लोग अच्छा पढ़ा नहीं."
बरं वाटावं म्हणून म्हणाला की टोमणा होता, कळलं नाही. हिंदी दोघांचंही कच्चं.

रवि. २३ नोव्हें.
ईशाने दिव्याची तक्रार पुन्हा टाकली. या वेळी फोटोत खांब नीट दिसतो. टाकायच्या आधी मला दाखवला, मराठीत विचारलं, "बाबा, टाकू?" कधी नव्हे ते.
संध्याकाळी अबू जासिमचा फोन. मी उचलला. पडद्यावर आमची जुनी नोटीस समोर आली आहे, ती बंद केल्याशिवाय दिव्याची तक्रार पुढे सरकत नाही. दोनच खुणा आहेत. झाड काढलं, किंवा झाड काढलं नाही. पहिली केली तर खोटं. दुसरी केली तर तोडायची ऑर्डर आपोआप निघते, पण ती घेऊन यायला माणूस नाही, आमच्या अर्ध्या भागाची जागा रिकामी आहे, मग ती ऑर्डर कुठे जाते ते त्याला माहीत नाही. कदाचित कंत्राटदाराकडे. तुमने बनाया है ये सब, तुम बोलो.
मी म्हटलं, हे मी नाही बनवलं, मी फक्त माणसं किती ते सांगितलं. आणि तसंही, मला यात मत देता येणार नाही.
"ठीक है," म्हणाला. "मॅडम को दो."
मं. फोन घेऊन बाहेर गेली, गेटपाशी. बराच वेळ बोलत होती. मधेच हसली. वर झाडाकडे बघून हाताने काहीतरी दाखवत होती, फोनवर दिसत नाही हे विसरून. मी आत भांडी विसळत होतो.
आत आल्यावर म्हणाली, बुधवारी बायकोला घेऊन येतोय, पाल्याची भाजी शिकायला. कोणती खूण केली ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दिवा बंदच आहे.